रुसलेला महाल

आटपाट नगराला होता एक राजा, राजाला होता शंभर खोल्यांचा महाल आणि महालामागच्या बागेत होती एक खोपी. खोपीत राहायची सगुणा माळीण आणि तिची आठ वर्षांची लेक रुंजी.

महाल शंभर खोल्यांचा खरा, पण उघडायच्या नव्व्याण्णवच. शंभराव्या खोलीचं निळं दार बागेत होतं. त्याला ना कडी, ना कुलूप, तरी ते उघडेना. लोक म्हणत, "फार मागं एक दुष्ट राणी होती. जाताना शाप देऊन गेली. तेव्हापासून दार मिटलं नि बागेतलं कारंजंही आटलं."

मग काय, बाळांनो! सगुणा नदीवरून पाणी वाही नि बाग जगवी. यंदा नदीही आटत आटत लांब गेली. गुलाब करपले, शेवंती झुरली, सगुणाची पाठ वाकली. तशात मिशा पिळत कारभारी आला.

"सगुणाबाई, पाडव्याला बाग हिरवी दिसली नाही, तर खोपी सोडायची. इथं घोड्यांचा तबेला होणार."

"लेकीला घेऊन जाऊ कुठं, कारभारीसाहेब?"

"नदीला विचार. रोज भेटतेच की तुला!"

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगुणानं रुंजीला पेलाभर पाणी दिलं. "हे तुझं प्यायचं हं. झाडाबिडाला घालशील, तर बघ."

रुंजी पेला घेऊन निळ्या दारापाशी आली. तिथं एक जुईची वेल होती, वाळून सुतळी झालेली. टोकाला एकच कळी, तीही मान टाकलेली. रुंजीनं दोन घोट घेतले. कळीकडं पाहिलं. पुन्हा पेल्याकडं पाहिलं. "आई रागावेल," असं म्हणतच उरलेलं सगळं पाणी वेलीला घातलं.

तशी कळी थरथरली, हलकेच उमलली नि आतून निघाली एक परी! बोटभर उंची, चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, त्यावर निळा, गुलाबी, सोनेरी रंग सांडलेला. पायांत इवले इवले पैंजण. हातात जुईच्या दोन पाकळ्या.

"तहानलेली असून मला पाजलंस," परी म्हणाली. "घे, या दोन पाकळ्या. एकीला एक इच्छा."

"गोष्टीत तर तीन असतात," रुंजी म्हणाली.

परी खुदकन हसली. "तिसरी वाऱ्यानं नेली गं!"

"मग पहिली ही. कारंज्याचं पाणी कुठं गेलं, ते मला कळू दे."

"ते महालालाच ठाऊक. तो सांगेल, पण अट आहे. तो थांबेल तिथं हुंकार द्यायचा. 'हूं' सोडून दुसरा शब्द काढलास, तर गोष्ट तिथंच विरून जाईल."

रुंजीनं पहिली पाकळी दारावर ठेवली नि कान लावला. भिंतीतून आवाज आला, म्हातारा, धुक्यातून यावा तसा.

"माझ्याकडं एक चिमुकली सून आली होती."

"हूं."

"अत्तराच्या कुपीसारखी. ती हसली की माझे आरसे उजळायचे."

"हूं."

इतक्यात मागून कारभारी आला. "काय गं पोरी, भिंतीशी बोलतेस?"

"हूं."

"डोकं फिरलं का तुझं?"

"हूं."

"मग उद्या खोपी रिकामी करताय ना?"

रुंजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तेवढ्यात भिंत पुढं बोलली होती. रुंजी म्हणाली, "हूं."

"शहाणी आहेस!" म्हणत कारभारी खुशीत गेला.

महाल सांगत होता, "एकदा सुनेची आई फार आजारी पडली. सून रडत रडत निघाली, नि घाईत तिच्या तोंडून निघालं, 'जाते.'"

आता सांगा, बाळांनो, घराबाहेर पडताना आपल्यात कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणावं. जाते म्हणजे गेलीच की!

रुंजीनं "हूं" म्हटलं. महाल पुढं सांगू लागला, "मला वाटलं, कायमची चालली. मी रुसलो. पंधरा दिवसांनी ती परत आली, तर तिच्या खोलीचं हे दार मी मिटून बसलेला. ती हाका मारून दमली. कारंज्याचं पाणी मी पोटात ओढून घेतलं, कुणाला माझं रडू दिसू नये म्हणून. शापबीप काही नव्हता, पोरी. लोकांनी तिलाच दुष्ट ठरवलं नि मी गप्प राहिलो."

"हूं."

"ती या दाराशीच बसून राहिली. बसून बसून जुईत मिसळून गेली."

"हूं?" म्हणत रुंजीनं परीकडं पाहिलं. परीची मान खाली होती.

गोष्ट संपली. रुंजी हळूच म्हणाली, "तू राणी आहेस?"

"आहे. पण परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही. तू पाणी माग, बाळ. तुझी खोपी वाचव. मला बाहेर बसायची सवय झालीय."

रुंजीच्या हातात एकच पाकळी. तिला आईची वाकलेली पाठ दिसली, खोपी दिसली. मग परीचे ते इवले पाय दिसले, इतकी वर्षं उंबऱ्याबाहेरच राहिलेले. रुंजीनं डोळे पुसले, पाकळी दारावर ठेवली.

"महालबाबा, तुमच्या सुनेला घरात घ्या."

करर्रर्र! निळं दार उघडलं. परीनं उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं, मागं वळून रुंजीकडं पाहिलं, आणि खोलीभर चांदण्याचा, केशराचा, मोरपिसांचा उजेड झाला. त्या उजेडातच ती मिसळली. पुन्हा दिसली नाही.

आणि महाल रडला. इतक्या वर्षांचं पोटातलं पाणी झुळझुळ, खळखळ वाहत निघालं. कारंजं थुईथुई उडालं, थेंबाथेंबात इंद्रधनुष्य! पाटापाटातून पाणी धावलं, करपले गुलाब पोपटी पालवले. आवाज ऐकून आलेला कारभारी भिजून चिंब, मिशा खाली लोंबलेल्या.

राजा धावत आला. रुंजीनं सगळं सांगितलं. राजानं मोजड्या काढल्या, उंबऱ्याला डोकं टेकवलं नि म्हणाला, "आजपासून या राणीला कुणी दुष्ट म्हणायचं नाही." मग सगुणाला म्हणाला, "माळीणबाई, तबेला नको नि खोपीही नको. ही बाग तुमची, नि ही शंभरावी खोलीही तुमचीच."

पाडव्याला त्या खोलीवर गुढी उभी राहिली. सगुणानं पुरणपोळी केली. मायलेकी कारंज्याकाठी बसून पोटभर जेवल्या आणि तिथंच सुखानं नांदल्या.