आबांच्या भुवया

मुलांनो, जंगल म्हटलं की तुम्हाला नुसती मजा दिसते. तिथेही कामं असतात, आणि कामाने शिणलेली जनावरंही असतात. अशाच एका जंगलात, पाणवठ्याकाठच्या उंच बेहड्यावर एक म्हातारा वानर राहत असे. राहत असे म्हणजे काय, शेंड्यावर बसून पहारा करत असे. खाली त्याची टोळी फळं खाई, चितळांचा कळप पाणी पिई, आणि हा वर डोळ्यांत तेल घालून गवताकडे बघत राही. बिबट्या दिसला की "खॅक, खॅक" अशी हाक द्यायची, आणि खालचे सगळे पसार व्हायचे. सगळं जंगल त्याला आबा म्हणत असे.

आबा आता फार दमले होते. कंबर धरलेली असे, वारा हाडांत शिरे. त्यांना काही मोठं नको होतं. खालच्या जाड फांदीवर, दुपारच्या उन्हात, खोडाला पाठ टेकून एक झोप काढायची होती. शेंड्यावर पाठ टेकायला जागाच नव्हती. पण टोळीची एक रीत होती. नव्या पहारेकऱ्याने आपल्या नजरेने बिबट्या हेरून हाक द्यायची, बिबट्याने उपाशी परत जायचं, आणि मगच जुन्याने शेंडा सोडायचा. तोवर खाली उतरायचं नाव काढायचं नाही.

म्हणून आबांच्या हाताखाली एक तरणी वानरी दिलेली होती. नजर तिखट, स्वभाव गरीब, सांगाल ते ऐकणारी. पण आबांना धीर कुठला? गवत हललं आणि तिने तोंड उघडलं की हे म्हणत, "वारा आहे तो, गप बस." आणि खरोखर बिबट्या असला, तर तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत आबांची हाक गेलेली असे.

"आबा, मी देणारच होते हो हाक," ती म्हणे.

"तू देईपर्यंत कुणाचा तरी जीव गेला असता."

तेही काही खोटं नव्हतं. पण त्यामुळे झालं असं, की वानरीने हळूहळू गवताकडे बघणंच सोडलं. धोका दिसला की आबांच्या पांढऱ्या भुवया हलत, हे तिने हेरलं होतं. ती दिवसभर त्या भुवयांकडे बघत बसे. आबा मात्र जो भेटेल त्याला सांगत, "पालथ्या घड्यावर पाणी. माझी सुटका काही होत नाही." स्वतःच्या सुटकेच्या आड आपणच बसलो आहोत, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी टोळीचा म्होरक्या, मोठा हुप्प्या, त्यांना म्हणाला, "आबा, काम तुम्हाला येतं, शिकवणं येत नाही. कोल्हेबुवांनी शिकवणाऱ्यांसाठी वर्ग काढलाय. जाऊन या. तोवर मी बसतो वर."

"या वयात मी वर्गात बसू?"

"सगळेच बसतात हो आता."

कोल्हेबुवा वारुळावर उभे राहून शिकवत. त्यांनी जन्मात कधी पहारा केला नव्हता, पण बोलत झकास. "शिकवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही," ते म्हणाले. "प्रश्न विचारायचा. शिकणारा काहीही म्हणो, आपण म्हणायचं, 'तुला काय वाटतं?' म्हणा बरं माझ्यामागून."

सगळे म्हणाले. मागे बसलेल्या हत्तिणीने सोंड वर केली. "आणि पिल्लू चिखलात रुतायला लागलं असेल तर?"

"छान प्रश्न. तुम्हाला काय वाटतं?"

हत्तिणीने एक उसासा टाकला आणि ती गवत खाऊ लागली. मग कोल्हेबुवा म्हणाले, "आता स्वतःसाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या." दमलेल्या जनावरांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला पळसाच्या पानावर पंजाचा ठसा मिळाला. आबांनी ते पान वाटेत खाऊन टाकलं आणि पुन्हा शेंडा गाठला.

तशी कोल्हेबुवांची शिकवण वाईट नव्हती हो. प्रश्न विचारावाच. पण आबांचं एक दुखणं होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पावसाळ्यापासून त्यांना धड दिसत नव्हतं. पलीकडच्या काठाचं गवत त्यांना नुसतं पिवळं पिवळं दिसे. आतापर्यंत ते कानांवर निभावून नेत होते. आता त्यांना बरं निमित्त सापडलं. वानरीने विचारलं, "आबा, ते काय हललं?" की आबा म्हणत, "तुला काय वाटतं?" आणि ती बिचारी पुन्हा त्यांच्या भुवयांकडे बघे. भुवया शांत असल्या की म्हणे, "वारा असेल." टोळीत सगळे म्हणू लागले, वर्गाचा आबांना चांगलाच गुण आला.

एका दुपारी चितळं पाण्यावर आली होती. एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन अगदी कडेला उभी होती. वानरीला गवतात काहीतरी दिसलं. काळ्या टोकाची शेपटी होती ती.

"आबा, तिकडे बघा. ते काय आहे?"

"तुला काय वाटतं?"

तिने भुवयांकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "वारा असेल," ती पुटपुटली.

बिबट्याने झेप घेतली तेव्हा कुठे तिने हाक दिली. कळप उधळला, पण पाडस मागे राहिलं. बिबट्या ते तोंडात धरून गवतात शिरला.

दुसऱ्या दिवशी हरिणी एकटीच झाडाखाली येऊन उभी राहिली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "वर तुम्ही आहात म्हणून आम्ही मान खाली घालून पाणी पितो." आणि पाणी न पिताच निघून गेली.

वानरीला रडू आवरेना. "मला दिसली होती ती शेपटी, आबा. तुमच्या भुवया हलल्या नाहीत म्हणून मी गप्प बसले."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "भुवया कशा हलतील, पोरी? मला ते गवतच दिसत नाही."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"लाज वाटली. पहारेकऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याचं उरतं काय? प्रश्न विचारत बसलो, म्हणजे कुणाला कळायला नको."

आबा तसेच खाली उतरले आणि हुप्प्यापुढे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. हुप्प्या संतापला. "मग आता उतरलाच आहात तर वर जाऊ नका," तो म्हणाला.

"पाडस माझ्यामुळे गेलं. त्या पोरीला नीट शिकवल्याशिवाय मी पाठ टेकणार नाही," आबा म्हणाले, आणि धापा टाकत पुन्हा वर चढले.

आता ते वानरीकडे पाठ करून बसू लागले. "माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. दिसेल ते मोठ्याने सांगायचं." ती सांगू लागली. रानडुक्कर चाललंय, मोर उतरलाय, गवत दबलंय. आबा विचारत, "रानडुक्कर कशावरून?" ती म्हणे, "गवत सरळ रेषेत हलतंय." "आणि बिबट्या असता तर?" "तर थांबून थांबून हललं असतं." आबा प्रश्नच विचारत होते, पण आता त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांना दिसत नसल्यामुळे तिला नीट बघून सांगावं लागे.

एकदा तिने साळिंदर पाहून हाक दिली. सगळी टोळी फळं टाकून पळाली आणि मग तिच्या नावाने खडे फोडू लागली. हुप्प्या वर बघून ओरडला, "आबा, हेच शिकवलंत का?"

"मीच सांगितलंय तिला तसं," आबा म्हणाले. "बिबट्या पाहून गप्प बसण्यापेक्षा साळिंदर पाहून ओरडलेलं बरं. काय बोलायचं ते मला बोला." वानरीने ते ऐकलं. तिची मान पुन्हा गवताकडे वळली.

मग एक दुपार आली. चितळं पाण्यावर होती, ती हरिणीही होती. पलीकडचं गवत थोडं हललं, थांबलं, पुन्हा हललं. वानरीने कुणाला विचारलं नाही की मागे वळून पाहिलं नाही.

"खॅक, खॅक, खॅक."

क्षणात पाणवठा मोकळा झाला. बिबट्या गवतातून उठला, त्याने एकदा वर पाहिलं आणि मुकाट्याने आल्या वाटेने निघून गेला. दूर जाऊन थांबलेल्या हरिणीनेही मान वर करून झाडाकडे पाहिलं.

"आबा, गेला तो," वानरी म्हणाली आणि वळली. मागे आबा नव्हते. एकेक फांदी पायाने चाचपडत ते खाली उतरत होते. जाड फांदीवर पोहोचल्यावर त्यांनी खोडाला पाठ टेकली.

"दिसला नाही मला," ते खालूनच म्हणाले. "पण तुझी हाक ऐकली. आता मला काही विचारू नकोस."

आणि ते झोपले. झोपेत त्यांच्या पांढऱ्या भुवया हलल्या. वानरीने ते पाहिलं, आणि पुन्हा गवताकडे तोंड केलं.

तात्पर्य : शिष्याला आपल्या तोंडाकडे बघायला लावू नये, कामाकडे बघायला शिकवावं, आणि आपल्याला जे दिसत नाही, ते आधी त्याला सांगावं.