रानडुकरांना नोटीस

शुद्धलेखनाच्या चुका आणि माझे साधे शब्द पोटात घाला.

आबांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत संपली, म्हणून बंदूक ठाण्यात जमा होती. नूतनीकरणाचा अर्ज आठ महिने कचेरीत पडून होता. इकडे रानडुकरं भुईमूग उकरायची आणि मी आईचा पिठाचा डबा बडवून त्यांना हाकलायचो.

"कामाला वेळ लागतो, म्हातारबा. थांबायला शिका," आम्ही चौकशीला गेलो तेव्हा कचेरीतले साहेब आबांवर गुरकावले.

"आम्ही थांबलोय, साहेब. डुकरं थांबत नाहीत. परवाना होईपर्यंत वावरात येऊ नका, अशी त्यांना नोटीस काढा."

"आणि ती बजावणार कोण?"

"बंदूक द्या, मी बजावतो!"

अख्खी कचेरी हसली. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी फाइल मागवून तिथंच सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बंदूक आणायला ठाण्यात गेले. मी पोचे पडलेला डबा घासून आईला परत दिला.