जांभळ्या कापडाखालचा मोगरा

वसईच्या बाजूला, खाडीकाठी आंबोडे नावाचं गाव होतं. केळी आणि पानवेलींच्या वाड्या, पलीकडे तिवरांची हिरवी रांग, आणि मधोमध ख्रिस्ती लोकांचं पांढरंशुभ्र देऊळ. त्या देवळात फादर कैतान राहत असत. गाव त्यांना कैतानबाबा म्हणे. विटका झगा, अनवाणी पाय आणि हातात सदा रोझरीची माळ. बाबा वाटेनं चालले की भांडणारी माणसंही गप्प होत, असं आमच्या आज्या सांगत.

याच गावात फिलूबाय राहायची. नवरा मोतेस देवाघरी गेलेला, पोटी मूल नाही. त्यानं स्वतःच्या हातांनी खणलेली विहीर आणि तिच्यावर पोसलेली लहानशी वाडी, एवढंच तिचं जग. विहिरीचं पाणी इतकं गोड, की ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, बाप्तिस्म्याचं पाणी आशीर्वादित करायचं तर ते फिलूबायच्याच विहिरीचं, अशी गावची रीत पडून गेली होती.

पण एका वर्षी मोठ्या उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी तिच्या वाडीत शिरलं. विहीर खारट झाली. पानवेली काळ्या पडल्या, केळी करपल्या. वाडीच्या तोंडाशी मोतेसनं उभारलेला क्रूस होता. त्याच्या पायथ्याचा मोगराही वाळून काटकी झाला.

फिलूबायनं काय करावं? ती रोज पहाटे बैल रहाटाला जुंपी आणि झऱ्याचं गोडं पाणी पुन्हा वर यावं म्हणून दिवसभर खारं पाणी उपसून खाडीकडे सोडून देई. पहिली घागर मात्र क्रुसाच्या पायथ्याशी ओतायची, हा तिचा जुना नेम. "देवा, खारं आहे. पण जे आहे ते आधी तुला," एवढं म्हणायची आणि कामाला लागायची. सुरुवातीला पाणी चाखून बघे. पण जिभेला खारट लागलं की हातातलं बळच जाई. म्हणून तिनं चाखणं सोडलं. उपसणं सोडलं नाही!

शेजारी इनास मुकादम. देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणारा, पण जिभेचा फार तिखट. कुंपणापाशी उभा राहून तो हसायचा, "काय गं फिलूबाय, समुद्र आटवायला घेतलास काय? येशूनं काना गावात पाण्याचा द्राक्षारस केला, तुझ्या वाडीत मीठवणी केलं!"

"करू दे की, इनासभाऊ. त्याचं पाणी, त्याची मर्जी."

"मग बस उपसत! ईस्टरचा सण झाला की वाडी मला देऊन टाक आणि भावाकडे जाऊन राहा. आणि ऐक, यंदा देवळाला पाणी माझ्या विहिरीचं जाणार."

हे शेवटचं बोलणं तिच्या काळजाला लागलं.

उपवासकाळ सरत आला. रीतीप्रमाणे गावातले सगळे क्रूस जांभळ्या कापडानं झाकले गेले. फिलूबायनंही आपला क्रूस झाकला. कापड पार जमिनीला टेकलं, मोगऱ्याची काटकीही आत गेली. आता ती कापडाची कड जराशी उचलून, डोळे मिटून घागर रिकामी करी.

येशूच्या मरणाच्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, मात्र तिचा धीर सुटला. ती बाबांपुढे येऊन रडली. "बाबा, आता रहाट थांबवते. इनासभाऊच खरं बोलतात."

बाबांनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "बाय, आज मरियामाईच्या मांडीवर मेलेला लेक आहे. तिच्या हाती तरी काय उरलं होतं? तरी ती उठून गेली नाही. पहिली घागर क्रुसाला घालतेस ना?"

"घालते, बाबा."

"उद्याही घाल."

शनिवारी सकाळी बाबा गावातल्या क्रुसांवरची कापडं काढत फिरत होते, तिथं इनास ऐटीत आला. पितळी घागरींना फुलांच्या माळा, मागे चार गडी. "बाबा, पाणी आणलंय. चला देवळात."

बाबा हसून म्हणाले, "चला. वाटेवर फिलूबायचा क्रूस आहे. त्यावरचं कापड काढू आणि मग जाऊ."

सगळे वाडीच्या तोंडाशी आले. फिलूबाय नुकतीच घागर ओतून बाजूला उभी होती. बाबांनी क्रुसाची खूण केली आणि हलक्या हातानं कापड ओढलं.

अहाहा! क्रुसाच्या पायथ्याशी मोगरा पानापानानं हिरवा झाला होता, आणि शेंड्यांवर टपोऱ्या पांढऱ्या कळ्या!

"फिलूबाय," बाबांनी विचारलं, "खाऱ्या पाण्यावर मोगरा धरतो का गं?"

तिनं वाकून एका कळीला बोट लावलं. बाबांनी घागरीच्या तळाशी उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं, प्याले आणि डोळे मिटले. मग घागर इनासपुढे धरली. "घे, मुकादम."

इनासनं घोट घेतला. पुन्हा घेतला. शहाळ्यासारखं गोड पाणी! त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"कळी काही एका रात्रीत धरत नाही," बाबा म्हणाले. "बाय, तू काल रडत होतीस ना, तेव्हाही या कळ्या इथंच होत्या. देवानं काम कधीच सुरू केलं होतं. फक्त कापड काढायचं राहिलं होतं."

फिलूबाय क्रुसाला मिठी मारून रडू लागली, पण आता ते रडणं निराळं होतं.

इनासनं आपल्या घागरी तिथंच तिच्या करपलेल्या केळींच्या मुळाशी रित्या केल्या. स्वतः रहाटापाशी जाऊन एक घागर भरून आणली आणि खांद्यावर घेतली. गडी पुढे धावले, तर म्हणाला, "नको रे. हे पाणी मीच वाहणार." मग काय वाटलं कोण जाणे, घागर हलकेच खाली ठेवून त्यानं डोक्यावरची टोपी काढली, त्या ओल्या चिखलात गुडघे टेकले आणि मोगऱ्यापाशी कपाळ जमिनीला लावलं.