खिळ्याला लावलेली किल्ली

फार पूर्वी, जहाजं शिडांवर चालायची तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने समुद्रापलीकडच्या एका बेटाच्या राखणीला आपली फौज ठेवली होती. बेटावरची माणसं साधी, मासे धरून पोट भरणारी. पूर्वी चाचे येऊन त्यांना लुटून जायचे. फौज आल्यापासून सात वर्षं एकही चाचा खाडीत शिरला नव्हता.

शिरणार कसा? खाडीच्या तोंडाशी शिपायांनी पाण्याखाली जाड साखळी टाकली होती. चाचे दिसले की बुरुजावरचं चाक फिरवायचं, साखळी वर यायची आणि गलबतं बाहेरच अडायची. चाक मात्र मोठं हट्टी होतं. खुंटी काढून आधी ते थोडं उलटं फिरवावं लागे, मगच सुलटं फिरे. ही खुबी फक्त शिपायांना ठाऊक होती.

एक दिवस राजाचं पत्र आलं, ‘महिन्याभरात बेट तिथल्या लोकांच्या हाती सोपवा आणि परत या.’

फौजेचा सरदार योजना आखण्यात पटाईत. कोणता घोडा कोणत्या जहाजात चढवायचा, भरती कधीची धरायची, भटारखान्यातली कढई कोणी उचलायची, सगळं त्याने ठरवून टाकलं. बेटावरच्या लोकांना सांगायचं तेवढं राहिलं. ते काही त्याच्या जिभेवर येईना.

बेटाचा कारभार एक वयस्क कोळीण पाहायची. सगळे तिला आत्याबाई म्हणत. त्याच आठवड्यात ती बुरुज चढून वर आली.

“सरदारदादा, आमच्या चार बायांना हे चाक शिकवून ठेवा की. पुरुषमाणसं दिवसभर समुद्रावर असतात.”

राजाचं पत्र सरदाराच्या कमरेच्या शेल्यातच होतं. तरी तो हसून म्हणाला, “कशाला हाताला घट्टे पाडून घेता, आत्याबाई? आम्ही आहोत ना.”

“तेही खरंच,” ती म्हणाली आणि शिपायांसाठी आणलेले सुके बांगडे ठेवून खाली गेली.

आता सांगायला याचं काय जात होतं? पण रडारड होईल, लोक पाय धरतील, असं म्हणत तो रोज उद्यावर ढकलत गेला. खरं तर त्या माणसांच्या डोळ्यांत बघायची त्याला भीती वाटत होती.

शेवटच्या दिवशी, भर दुपारी, होड्या लांब गेल्या होत्या आणि बाया टेकडीपलीकडे मिठागरात होत्या. फौज गुपचूप जहाजांत चढली. सरदाराने बुरुजाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लावली आणि खाली मान घालून तो निघाला.

मायदेशी दरबार भरला. “एक शिपाई गमावला नाही, एक कढईसुद्धा मागे राहिली नाही,” असं म्हणत राजाने सरदाराच्या खांद्यावर शाल घातली. तेवढ्यात एका व्यापारी जहाजाचा तांडेल बातमी घेऊन आला. फौज गेल्यावर आठव्या दिवशी बेटावर चाचे आले होते. बाया चाकाला लोंबकळल्या, पण ते हललं नाही. अर्धं गाव जळालं आणि अकरा माणसं जिवानिशी गेली.

राजाने विचारलं, “बेट सोपवून आलात ना? कोणाच्या हाती दिलंत?”

“किल्ली खिळ्याला लावली होती, महाराज,” सरदार म्हणाला. आपलेच शब्द त्याला ऐकवेनात. त्याने शाल उतरवून खाली ठेवली आणि मिळेल त्या जहाजाने तो बेटाकडे निघाला.

आत्याबाई बुरुजावरच होती. तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, दोन बोटं चाकात गेली होती. सरदाराची मान वर होईना.

“चाक शिकवायला आलोय,” तो कसाबसा म्हणाला.

“शिकलो आम्ही,” आत्याबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. तिने डाव्या हाताने त्याला पाण्याचा तांब्या दिला.

“दमून आलात, पाणी प्या. राहा हवे तितके दिवस,” ती म्हणाली. “फक्त या वेळी निघायच्या आधी सांगा.”



तात्पर्य: जावं लागतं यात लाज नाही; आपल्यावर विसंबलेल्या माणसाला न सांगता, न शिकवता जाण्यात आहे, आणि ती लाज मग जन्मभर सोबत राहते.