वानरीची डोण आणि आठ हातांचा ऑक्टोपस

समुद्रकाठच्या एका पडक्या किल्ल्यात एक म्हातारी वानरी एकटीच राहत असे. एकदा ओहोटीच्या वेळी खडकावर तडफडणारं ऑक्टोपसचं पिल्लू तिला सापडलं. तिने ते उचललं, किल्ल्यातल्या दगडी डोणीत समुद्राचं पाणी भरून त्यात सोडलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. रोज करवंट्या भरभरून ताजं पाणी आणायची. शिंपले स्वतः फोडायची आणि आतला मऊ घास तेवढा त्याला द्यायची. इतकं कोण करतं, सांगा बरं?

पण ऑक्टोपस मोठा झाला आणि डोणीतून पळू लागला. वानरीने डोणीवर फरशी ठेवली, तर तो फटीतून निघाला. त्याला हाडच नसतं मुलांनो! अंगात टणक अशी एक चोचच, ती शिरली की सगळं अंग शिरतं. मग तिने फरशीवर धोंडा चढवला, फटींत नारळाची काथ्याळ सोडणं कोंबली. तरी एका दुपारी तापलेल्या दगडावर तो सुकत पडलेला दिसला, आणि शेजारी कावळा!

"हो बाजूला, मेल्या!" वानरी चवताळून धावली.

कावळा उडता उडता म्हणाला, "आज तू आलीस गं म्हातारे. उद्या तू यायच्या आधीच त्याला उचलीन!"

वानरीने ऑक्टोपसला पुन्हा पाण्यात सोडलं आणि डोणीपाशीच रडत बसली. डोणीलगतच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या कासविणीला तिने विचारलं, "याहून मोठा धोंडा कुठे मिळेल गं?"

"धोंड्याचं राहू दे, बाई. का पळतोस, हे त्याला विचारलंस का कधी?"

"विचारायचं काय त्यात? मी काय कमी केलंय त्याला?"

तेवढ्यात ऑक्टोपसने डोकं वर काढलं. "काहीच कमी केलं नाहीस, आजी. सगळं तूच केलंस. मला आठ हात आहेत आणि एकालाही काम नाही. ढकलायला ही फरशी तेवढी होती."

वानरीला आधी राग आला. मग मात्र ती खो खो हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून तिने डोणीत न फोडलेले शिंपले टाकले, गोटे टाकले, एक फुटकं मडकं टाकलं. ऑक्टोपस दिवसभर शिंपले उघडी, मडक्याच्या तोंडाशी गोटे रचून घर बांधी. फरशी वानरीने काढली नाही. कावळ्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. पण आतून ती पुन्हा कुणी ढकलली नाही.

एके सकाळी वानरीने फरशी सरकवली, तर पाण्यातून एक हात वर आला. त्यात उघडलेला शिंपला होता. "आजी, तुझ्यामुळे जगलो. हा पहिला घास तुझा. मी फोडलाय!"

इतके दिवस दुसऱ्याला भरवत आलेल्या त्या म्हातारीने तोंड उघडलं, तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

तात्पर्य : माया करा, पण मायेपोटी दुसऱ्याच्या हातचं काम काढून घेऊ नका. ज्याचे हात कामात असतात तो पळवाटा शोधत नाही, आणि आपल्याला जगवणाऱ्याला विसरतही नाही.