घट्ट हात

एका विद्यापीठाने पदवी नसलेल्या प्रौढांसाठी मुक्त ज्ञानशाखा काढली. अट एकच, मुलाखत. ती घेणारे प्राध्यापक धामणकर सकाळपासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाला परत पाठवत होते.

शेवटी शेवंताबाई रासने आत आल्या. बत्तीस वर्षं गावोगाव बायकांना बांगड्या भरत आलेल्या कासारीण.

अर्ज पाहून धामणकर म्हणाले, "वय एक्कावन्न. बाई, या वयात डोकं घट्ट झालेलं असतं. आम्ही शिकवायचं, तुमच्या डोक्यात काही शिरायचं नाही, आणि नापास झालात की बोल आम्हाला."

शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, घट्ट हात आमच्याकडे रोज येतात. आम्ही साबण लावतो, हात दाबून मऊ करतो, बांगडी सावकाश चढवतो. तरी भरताना पिचली, तर ती कासाराच्या माथी. 'तुमचा हात घट्ट आहे, घरी जा' असं म्हणणाऱ्या कासाराला गावात पुन्हा कोणी हात देत नाही."

धामणकरांच्या शेजारी मुलाखतीला बसलेल्या प्राध्यापिका मॅडमनी आपल्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि अर्ज धामणकरांपुढे सरकवला. धामणकरांनी सही केली.

पहिल्या तासाला धामणकर नेहमीपेक्षा बरेच सावकाश शिकवत होते.