भुकटी आणि चिमूटभर माती

“दूर हो! तुझा चिखल माझ्या भोकांत शिरला, तर माझ्यात उरेल काय?” भुकटी परातीतून ओरडली.

“ओरडू नकोस, उडशील,” शेजारची चिकणमाती म्हणाली.

हवेतून पाणी काढायच्या पेट्या नव्यानंच निघत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. या भुकटीच्या कणाकणाला भोकं होती. ती हवेतली ओल पिऊन ठेवी आणि ऊब दिली की सोडी. चिमूटभर भुकटीतल्या भोकांच्या भिंती उलगडल्या तर अंगण झाकेल, हे ती दिवसातून चारदा सांगे. पण पेटीच्या नळीत भरून पंखा लावला की अर्धी खिडकीबाहेर जाई, उरलेली गच्च बसून वारा अडवी. शेवटी प्रयोगशाळेतल्या खैरनारबाईंनी ठरवलं, आज मातीत मळून गोळ्या वळायच्या. नाही जमलं तर भुकटी केरात.

“मागच्या खेपेला माझ्या बहिणीला तू गिळलंस,” भुकटी म्हणाली. “गोळ्या दगडासारख्या झाल्या, पाण्याचा टिपूस नाही!”

“गिळलं खरं. बाईंनी मला ओंजळभर घातलं होतं. आज चिमूटभर घेतलंय.”

“चिमूटभर मातीनंही हजार भोकं बुजतील!”

“बुजतील.”

माती नाही म्हणेल, अशी भुकटीची खात्री होती. पुढचं भांडण तिनं त्यावरच रचून ठेवलं होतं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि भुकटीचा वरचा थर मुकाट्यानं खिडकीकडे निघाला.

तो दिसेनासा झाल्यावर माती म्हणाली, “पोरी, बुजलेल्या हजार भोकांसाठी मला खुशाल शिव्या दे, पण बाकीच्या लाख भोकांतून आजवर कुणाच्या घशात थेंब घातलास, ते आधी सांग.”